हथखोजच्या सहा सशांची चोरी

ती फिर्याद लिहून घेताना मला हसू आवरत नव्हतं, आणि सगळ्या नोकरीत मला सर्वांत जास्त छळलं ते त्याच फिर्यादीनं. दरोडे, खून, दंगे पाहून झालेल्या माणसाला सहा ससे आठवत बसावेत, याला माझी बायकोसुद्धा नाक मुरडते. मुरडू दे. आठवतात, त्याला माझा इलाज नाही.

मी तेव्हा हथखोजचा औद्योगिक भाग ज्याच्या हद्दीत येतो त्या थान्याचा प्रभारी होतो. आमच्या छत्तीसगडात ठाण्याला थाना म्हणतात आणि प्रभारी निरीक्षकाला टीआय. माझे वडील भंडाऱ्याकडून भिलाईच्या पोलाद कारखान्यात आले, मी इथल्याच क्वार्टरमध्ये वाढलो. त्यामुळे घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि थान्यात सरकारी हिंदी अशा तीन भाषांत माझं आयुष्य गेलं. हथखोजमधले गुन्हे ठरलेले असत. भंगार चोरी, तांब्याची तार, गेटवरची मारामारी. सकाळची गणना, म्हणजे हजेरी, आटोपून, ड्यूट्या वाटून मी चहाला बसलो होतो, तेवढ्यात एका खासगी प्रयोगशाळेचा मॅनेजर आला. औषध कंपन्यांसाठी प्राण्यांवर औषधांची चाचणी करून देणारी ती प्रयोगशाळा होती.

"आमचे सहा ससे चोरीला गेलेत," तो म्हणाला.

मी कप खाली ठेवला. माझे हवालदार, ज्यांना आमच्याकडे दिवाणजी म्हणतात, ते छत्तीसगडी गृहस्थ होते आणि त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. "खरगोश? अब काला खोजबो साहेब, कोनो रांध के खा डारे होही," म्हणजे आता काय शोधायचं, कुणीतरी शिजवून खाल्ले असतील, असं म्हणून त्यांनी बोलण्यातच सशांचा रस्सा करून टाकला. मलाही हसू फुटलं. मॅनेजर मात्र हसला नाही. त्यानं सोबत संशयिताचं नावसुद्धा आणलं होतं. प्राणिगृहात पिंजरे साफ करणारा, चारापाणी करणारा मदतनीस. ससे गेले त्या दिवसापासून तो कामावर आला नव्हता.

मॅनेजरनं सांगितलं की प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या संस्थांवर केंद्र सरकारची देखरेख असते, तिचं तपासणी पथक लवकरच येणार आहे, आणि त्याआधी त्याला चोर हवा. प्रत्येक सशाच्या डोक्यावर ओळखीसाठी पिवळा डाग आहे, रसायनाचा, तो धुऊन जात नाही. मी विचारलं, ससे कुठल्या स्थितीत असतील? तो म्हणाला, "जिवंत नसले तरी चालेल. चोर सापडला की बस."

हे मला खटकलं. ज्याचं काही चोरीला जातं तो आधी वस्तू मागतो, चोराला शिव्या नंतर घालतो. सायकल गेलेला माणूस आम्हाला घंटीचा आवाजही सांगतो. या माणसाला मालाची काही पडली नव्हती, माणूस तेवढा आत टाकायचा होता. तरी फिर्याद दखलपात्र होती. नोकरानं मालकाची वस्तू चोरणे हा साधा गुन्हा नाही, त्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. मी एफआयआर नोंदवली.

मदतनीस सेक्टर ६ मध्ये राहत होता. बाप कारखान्यातून निवृत्त होऊन वारला, मुलाला पक्की नोकरी मिळाली नाही. म्हणून मिळेल ते काम करायचं आणि कारखान्यातल्या एखाद्या ठेकेदाराकडे लागायची वाट पाहायची, हे भिलाईत घरोघरी चालतं. त्यानंही एका ठेकेदाराकडे अर्ज केला होता. कारखान्यात शिरायला गेटपास लागतो, गेटपासला पोलिसांचा दाखला लागतो, आणि नावावर चोरीचा गुन्हा असला की दाखला मिळत नाही. भिलाईत गेटपास नाकारला गेलेल्या माणसाचं पुढे काय होतं ते मी लहानपणापासून पाहत आलो होतो. तो पानठेल्यावर उभा राहतो, मग तिथेच म्हातारा होतो.

मदतनीस घरी नव्हता. पण खबर दुसरीकडून लागली. सेक्टर ६ च्या बाजारात एक भाजीवाला आमचा मुखबिर, म्हणजे खबऱ्या, होता. तो म्हणाला, "साहेब, त्या गल्लीतल्या बाया येडपट झाल्या का काय? आतापर्यंत गोबीचा पाला तोडून फेकून दे म्हनत, आता पालाच मांगून राहिल्या. गोबी नको, पाला दे!"

आम्ही सेक्टर ६ च्या थान्यात आमद, आल्याची नोंद, केली, कारण तो भाग आमच्या हद्दीबाहेर होता, दोन पंच घेतले, एक महिला शिपाई घेतली आणि त्या गल्लीत गेलो. मदतनिसाची बायको मागच्या अंगणात भांडी घासत होती. शेजारी टोपलीखाली ससा. मी टोपली उचलली आणि पाहतच राहिलो. ससा डोक्यापासून शेपटीपर्यंत पिवळाधमक होता.

"हे काय लावलं?" मी विचारलं.

"हयद, साहेब."

"हळद? सशाला?"

"घरात नवा जीव आला तं लावतो ना. गाय आनली का लावतो, तसंच," ती म्हणाली. मग जरा ओशाळून म्हणाली, "त्याच्या डोस्क्यावर पह्यलेच पिवळं होतं. मले वाटलं, कोनंतरी पूजा करून अर्धी सोडून देली. म्हनून म्या पुरी केली."

दिवाणजींना तोंड फिरवावं लागलं. आणि ही एकटी नव्हे. तिनं शेजारणींना ससे दिले, शेजारणींनी तिचं पाहून आपापल्या सशाला न्हाऊ घातलं. गल्लीत चार घरांत सहा ससे निघाले आणि सगळे नवरदेवासारखे पिवळे. आता पंचनाम्यात काय लिहायचं? फिर्यादीत पिवळा डाग, समोर पूर्ण पिवळा ससा. उद्या कोर्टात वकील विचारेल, साहेब, यातला डाग कुठला?

मराठी घरात वाढलेल्या माणसाला यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. लग्नाच्या हळदीनंतर कपडे धुताना काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी कपडे धुण्याच्या साबणाची वडी मागितली, ओल्या फडक्यावर फेस काढला आणि पंचांसमोर सशाची पाठ पुसली. फडकं लालभडक झालं. पाठही लालसर झाली. डोकं पुसलं, तिथली हळद लाल झाली, पण मधला रुपयाएवढा डाग होता तसा पिवळाच राहिला. सहाही सशांचं तसंच झालं. पंच खूश, दिवाणजी खूश, पंचनामा झाला.

सशाला पुसताना मात्र माझ्या एक गोष्ट लक्षात आली. फडकं तोंडासमोर नेलं तरी तो मागे सरत नव्हता. अंगाला लागलं की मगच दचकत होता. मी त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. दोन्ही डोळ्यांवर दुधासारखी पांढरी साय होती.

"त्याले दिसत नाई साहेब," ती बाई म्हणाली. "एकाहीले दिसत नाई. पाला नाकाले लावा लागते."

मदतनीस संध्याकाळी स्वतःच थान्यात आला. बायकोला पोलिसांनी विचारलं हे कळल्यावर त्याच्यानं राहवलं नाही. सडपातळ, पस्तिशीतला, हात चुन्यानं आणि जंतुनाशकानं फाटलेले. मी त्याला समोर बसवलं. मार देऊन बोलतं करणारे अधिकारी मी पाहिलेत आणि त्यांना मिळालेली उत्तरंही पाहिलीत. मारानं माणूस तुम्हाला हवं ते बोलतो, झालं ते बोलत नाही. मी चहा मागवला.

आधी तो म्हणाला, बाजारातून घेतले. मी म्हटलं, साबणाची गंमत झाली आहे, आता बाजार विसर. तेव्हा तो म्हणाला, "म्या नेले, साहेब. पन चोरी नाई केली."

"मालकाला विचारलं होतं?"

"नाई."

"मग त्याला चोरीच म्हणतात."

"मंग म्हना," तो चिडून म्हणाला. आरोपी माझ्यावर चिडला की मला बरं वाटतं, तिथून खरं सुरू होतं. "तुमी एक डाव आइका तं खरं. डोयात टाकाचं औषध होतं. आदी एका डोयात टाकलं, दुसरा चांगला ठेवला. तसा नियमच हाये म्हनते. ते काम झालं. मोठ्या डॉक्टरनं पाह्यलं, लिहून घेतलं, झालं. आता त्याहिले सुई देऊन मोकळं तरी कराचं, नाई तं सोडून तरी द्याचं. मंग दुसऱ्या कंपनीचं काम आलं. मॅनेजर म्हने, नवे ससे कावून आनाचे? याहिचा एक डोया चांगला हाये ना अजून!"

दिवाणजींनी कागदावरची लेखणी उचलली.

"धरून कोन बसे? मीच," तो म्हणाला. "माझ्या मांडीवर. ओरडत नाई साहेब ससा. लय दुखलं तंच ओरडते, अन् मंग लेकरावानी ओरडते. दुसऱ्या डोयाच्या वक्ताले ते ओरडले. आता तिसरं काम आलं, पाठ भादरून लेप लावाचा. मले नाई झालं. थैल्यात भरले अन् नेले."

दुसऱ्या दिवशी मी सरकारी पशु चिकित्सालयाच्या डॉक्टर बाईंना बोलावून सशांची तपासणी केली. त्या शांत स्वभावाच्या होत्या, पण शेवटी त्यांनी टॉर्च टेबलावर आपटला. त्यांनी मला नियम समजावला. अशा चाचणीत एकाच डोळ्यात औषध घालतात आणि दुसरा डोळा तुलनेसाठी मोकळा ठेवतात. एका प्रयोगात वापरलेला प्राणी दुसऱ्या प्रयोगाला घ्यायचा, तर संस्थेच्या आचार समितीची वेगळी परवानगी लागते, आणि इतका त्रास झालेल्या प्राण्याला ती मिळत नाही. दोन्ही डोळे गेले याचा अर्थ उघड होता. त्यांनी तसा अहवाल दिला.

मॅनेजर कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं वकील आणला आणि वकिलानं कोर्टात दोन गोष्टी मांडल्या. एक, ससे आमची मालमत्ता आहेत, परत द्या. दोन, ससे आमच्याकडून गेले तेव्हा दुसरा डोळा ठणठणीत होता, आरोपीच्या बायकोनं हळद फासली आणि ती डोळ्यात जाऊन डोळे गेले! डॉक्टर बाईंनी सांगितलं, हळदीनं अशी साय येत नाही. पण ती कधी आली हे त्या छातीठोकपणे सांगू शकत नव्हत्या. म्हणजे माझा आरोपी चोर तर होताच, आता प्राण्यांना आंधळं करणाराही ठरत होता आणि सोबत त्याची बायकोही अडकत होती. ससे प्रयोगशाळेला परत गेले असते तर पुरावाही दोन दिवसांत जमिनीत गेला असता. मला असा संताप आला होता की काय सांगू! कोर्टानं तपासी अधिकाऱ्याचं, म्हणजे माझं, म्हणणं मागवलं आणि तारीख दिली. मदतनीस दुर्गच्या जेलमध्ये गेला. ससे माझ्या मालखान्यात, जप्त दारू आणि तलवारींच्या शेजारी. रस्सा करायला निघालेले दिवाणजी आता घरून पालक आणून नाकाला लावत होते.

मी जेलमध्ये जाऊन मदतनिसाला विचारलं, "दुसऱ्या डोळ्यात औषध घातलं हे तू ससे नेण्याच्या आधी कुणाला बोलला होतास? कुणाला तरी?"

तो म्हणाला, "मागच्या मीटिंगच्या दिवशी सरले बोललो होतो. पन त्याहिले नका विचारू साहेब. मोठा मानूस हाये."

सर म्हणजे कोण, ते सांगायला हवं. अशा प्रत्येक संस्थेत आचार समिती असावी लागते आणि तिच्यात एक सदस्य बाहेरचा, विज्ञानाशी संबंध नसलेला, समाजाचा माणूस असावा लागतो. हेतू हा की सगळे शास्त्रज्ञ एका बाजूला असले तरी एक साधा डोळा तिथं असावा. या समितीत ते होते आमच्या सेक्टरमधले निवृत्त शिक्षक. माझ्या धाकट्या भावाला त्यांनी शिकवलेलं. कडक शिस्तीचे, निर्मळ, इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात अध्यक्षांच्या खुर्चीवर त्यांच्याशिवाय दुसरं कुणी शोभत नसे. भिलाईतल्या मराठी माणसाला खोटं बोलताना ज्याची आठवण यावी असा माणूस.

पासष्टच्या वरच्या पुरुष साक्षीदाराला थान्यात बोलावता येत नाही, बयान, म्हणजे जबाब, त्याच्या घरीच घ्यावा लागतो. सर मुलाकडे राहत होते, मी त्याच्या क्वार्टरवर गेलो. सरांनी स्वतः उठून पाणी दिलं. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, "सर, शेवटच्या बैठकीच्या दिवशी हा माणूस तुमच्याशी काही बोलला होता का?"

"नाही रे. असं काही आठवत नाही," सर म्हणाले.

ज्याला खरंच आठवत नाही तो आठवायला बघतो. कपाळाला आठ्या घालतो, बायकोला हाक मारतो, दिवस कुठला होता ते विचारतो. सरांनी यातलं काहीच केलं नाही. उत्तर प्रश्नाच्या आधीच तयार होतं. मी त्यांच्यावर आवाज चढवू शकत नव्हतो, आणि चढवून उपयोगही नव्हता. उठताना मी एवढंच म्हणालो, "सर, ससे माझ्या थान्यात आहेत. तुम्हाला बोलावण्याचा मला अधिकार नाही. पण समितीचे सदस्य म्हणून तुम्ही ते एकदा बघायला हवेत. बैठकीत त्यांच्याबद्दल सह्या झाल्या आहेत."

मला वाटलं, संपलं. घरी येऊन मी जेवलो नाही आणि बायकोवर उगीच ओरडलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर मुलाच्या स्कूटरवर मागे बसून थान्यात आले. धोतर-कोट, टोपी, जणू समारंभाला निघालेत. थान्यातली मंडळी उभी राहिली. मी त्यांना माझ्या खोलीत न्यायला लागलो, खुर्ची पुढे केली.

"खुर्ची नको," ते म्हणाले. "कुठं आहेत ते सांग."

मी त्यांना मागच्या अंगणात नेलं. दिवाणजींनी एक ससा आणला आणि फरशीवर ठेवला. हळद बरीचशी गेली होती, अंग चट्ट्यापट्ट्यांचं दिसत होतं. सर खाली बसले. पालकाचं पान त्यांनी सशाच्या समोर धरलं. ससा बसून राहिला. सरांनी पान डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. ससा तसाच. शेवटी दिवाणजींनी हळूच त्यांचा हात धरून पान सशाच्या नाकाला टेकवलं, तेव्हा तो खाऊ लागला.

सरांनी टोपी काढली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. मुलगा पुढे आला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं.

"लिहून घे," ते मला म्हणाले.

त्यांचं बयान मला आजही जवळजवळ पाठ आहे. ते म्हणाले, समितीची बैठक प्रयोगशाळेच्या पुढच्या हॉलमध्ये होत असे. त्यांच्यासाठी मधली खुर्ची. आधी शाल, नारळ, पुष्पगुच्छ. मग चहा, बशीत काजू-कतली. मग मॅनेजर सांगे, तेवढं ऐकायचं. नियमाप्रमाणे समितीनं प्राणिगृह बघायचं असतं, हे त्यांना माहीत होतं.

"मग कधी बघितलं नाही, सर?" मी विचारलं.

"कसं बघणार? ज्यानं शाल घातली, पाहुणा म्हणून मान दिला, त्याच्या घरात मागे जाऊन कोनाकोपरा तपासायचा? आपल्यात असं करतात का कुणी? पाहुण्यानं ओसरीवर बसावं. मला वाटत होतं, मी सभ्यपणे वागून राहिलो." मग ते म्हणाले, "त्या दिवशी हा पोरगा चहाचा ट्रे घेऊन आला होता. निघताना दाराशी मला म्हणाला, सर, एक डाव मांगं चाला. दुसऱ्या डोयातही टाकून राह्यले. मी ऐकलं. नीट ऐकलं. मॅनेजर शेजारी उभा होता, त्याच्यासमोर कसं विचारायचं म्हणून मी त्या पोराच्या पाठीवर थाप मारली आणि गाडीत बसलो."

"हे कोर्टात सांगाल?"

"सांगेन. आणि काल तुझ्याशी खोटं बोललो, तेही लिही."

मुलगा म्हणाला, "बाबा, सगळ्या भिलाईत नाव जाईल." सर त्याच्याकडे न बघता म्हणाले, "जाऊ दे. त्या नावानंच तर त्यांचं काम झालं."

बाकीचं पटापट सांगतो, कारण पुढे सगळं कायद्यानं सरळ चाललं. तारखेला सरांनी न्यायाधीशांसमोर जसंच्या तसं सांगितलं. वकिलानं त्यांना टोचून विचारलं, "म्हणजे आपण न बघताच सह्या केल्या?" सर म्हणाले, "हो." वकील म्हणाला, "इतकी वर्षं विद्यार्थ्यांना आपण हेच शिकवलंत का?" सर म्हणाले, "नाही. शिकवलं वेगळं." कोर्टात कुणी हसलं नाही. हळदीचं सोंग तिथंच गळून पडलं. ससे ज्या दिवशी गेले त्याच्या आधीच दुसऱ्या डोळ्यात औषध पडलं होतं आणि ते सांगणारा माणूस प्रयोगशाळेच्याच समितीचा होता.

सशांचा ताबा कोर्टानं डॉक्टर बाईंच्या चिकित्सालयाला दिला. केंद्राचं तपासणी पथक आलं, ते या वेळी पुढच्या हॉलमध्ये बसलं नाही. प्रयोगशाळेची प्राण्यांवरच्या प्रयोगांची नोंदणी स्थगित झाली आणि मॅनेजरवर प्राण्यांच्या छळाचा गुन्हा दाखल झाला. मदतनिसाला जामीन मिळाला. चोरीच्या गुन्ह्यात बेइमानीचा हेतू लागतो, आणि गल्लीत फुकट ससे वाटून त्यांना हळद लावणाऱ्याचा असा काय हेतू असणार? मी खात्मा रिपोर्ट पाठवला, म्हणजे गुन्हा बनत नाही असा अहवाल. कोर्टानं तो मान्य केला. ठेकेदाराकडच्या गेटपाससाठी त्याचा दाखला माझ्याच टेबलावर आला, त्यावर मी स्वतः सही केली. ती करताना मला फार आनंद झाला, लपवत नाही.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. प्रयोग करू नयेत असं माझं म्हणणं नाही. माझ्या आईच्या डोळ्यांत मोतीबिंदूनंतर जे औषध गेलं, तेही आधी कुणाच्या तरी डोळ्यांत घालून पाहिलेलं होतं, हे मला कळतं. म्हणूनच नियम आहेत, म्हणूनच समिती आहे. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याकडून आधी शाल घेतली की लक्ष ठेवणं अवघड होतं, एवढं मी शिकलो. आपल्या लोकांत वाईट माणसांपेक्षा संकोची माणसं जास्त आहेत आणि तपासात मला त्यांनीच जास्त वेळा अडवलं. नंतर नव्या पोरांना मी सांगत असे, कुठल्याही जागेची तपासणी करायची तर चहा शेवटी घ्या. काही जण ऐकायचे, काही नाही.

खात्मा मान्य झाला त्या दिवशीची गोष्ट सांगून थांबतो. कोर्टाच्या आवारात मदतनीस आणि त्याची बायको उभी होती. सर तारीख नसतानाही आले होते. ते त्याच्यासमोर गेले आणि सगळ्यांदेखत त्यांनी हात जोडले. मदतनीस घाबरला, त्यांचे हात धरून खाली करायला लागला. "काय करून राहिले सर! तुमच्यामुळंच तं सुटलो म्या."

"माझ्यामुळं तू आत गेला होतास," सर म्हणाले.

तो नाही म्हणेल, माणूस अशा वेळी तेच म्हणतो, असं मला वाटलं. त्यानं सरांकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती.

"हो सर," तो म्हणाला. "तुमी त्या दिवशी मांगं आले असते, तं मले चोर व्हा लागलं नसतं."